लहानूच्या हातची हिरवी टेप

जरीपटक्याच्या बाजारात कवडूच्या इलेक्ट्रिकल दुकानासमोर जो ओटा आहे, त्यावर लहानूचं टेबल सत्तावीस वर्षं होतं. मूळचा तो मोटार वाइंडिंगचा कारागीर. मिक्सर, पंखे, इस्त्र्या दुरुस्त करायचा. पुढे वस्तीतली मुलं परदेशी गेली, त्यांच्याकडे आईवडील जाऊ लागले, आणि लहानूकडे एक वेगळंच काम चालत आलं. बॅग भरण्याआधी लोक आपल्या वस्तू त्याच्यापुढे आणून ठेवत. "भाऊ, हे तिकडे चालन का?"

लहानू चष्मा चढवून वस्तू उलटी करी आणि खालचं लेबल वाची. कॅनडा-अमेरिकेत घरातली वीज एकशेवीस व्होल्टची, आपली दोनशेतीसची. लेबलवर 'इनपुट १०० ते २४०' असेल तर वायरला हिरव्या टेपचे तीन वेढे. नुसतं २३० असेल तर लाल. मोबाइलचा चार्जर हिरवा, मिक्सर लाल, राइस कुकर लाल. कोणी हुज्जत घातलीच तर तो म्हणे, "मी नाही म्हणून राहिलो बाई, लेबल म्हणून राहिलं."

हिरवी टेप दिसली की लोक निर्धास्तपणे वस्तू बॅगेत टाकत. त्याच लोकांना कवडू पिन बदलायचे तुकडे विकी आणि त्यांना 'कन्व्हर्टर' म्हणे. लहानूला ते नाव खटके.

"कन्व्हर्टर नको म्हणू गा. हा फक्त पिनचा आकार बदलते, व्होल्टेज तेच राहते. माणसं फसतीन."

"अबे, गिऱ्हाईकच तो शब्द घेऊन येते. मी काय इथं शाळा उघडू?"

मग दोघं एक चहा अर्धा अर्धा करून पीत. ज्याच्या ओट्यावर बसायचं त्याच्याशी रोज किती वाद घालणार, म्हणून लहानू विषय सोडून देई.

नोव्हेंबरात एका सकाळी कौशल्याबाई आल्या. त्यांचं आयुष्य कन्हानला कोळशाच्या धुळीत गेलेलं, त्यामुळे दमा कायमचा सोबतीला. तीन पायऱ्या चढून त्या टेकल्या आणि पिशवीतून वाफ घ्यायचं मशीन काढून टेबलावर ठेवलं.

"लहानूभाऊ, हे मी तुमच्या भरवशावर नेलं होतं."

मे महिन्यात त्या टोरांटोला मुलाकडे, अश्विनकडे गेल्या होत्या. आठव्याच दिवशी दम लागला. अश्विनने कवडूकडून नेलेला 'कन्व्हर्टर' लावून मशीन सुरू केलं.

"नुसतं घूं घूं करे. वाफेचा पत्ता नाही. पोरानं ॲम्ब्युलन्स बोलावली म्हणून वाचली मी. तीन दिवस दवाखान्यात होती. अश्विन म्हणे, आई, खराब मशीन काहून आणलं? मी म्हटलं, खराब कसं राहीन? लहानूभाऊंनी पास केलं."

लहानूने मशीन उलटं केलं. २३० व्होल्ट. त्यापलीकडे एक आकडा नाही. आणि वायरला हिरव्या टेपचे तीन वेढे.

"माझ्याजवळ कधी दिलं होतं हे?"

"तुम्ही नव्हते त्या दिवशी. कवडूभाऊंजवळ ठेवून गेली होती. सांजेले आली तर टेप लागलेली."

कवडू काउंटरमागून पुढे आला. "टेप तर लहानूच लावते, बाई. आता वय झालं त्याचं. नजर चुकली असन."

लहानूने वर पाहिलं नाही. तो टेपकडे पाहत होता. तो डावखुरा. त्याच्या टेपचे वेढे इतरांच्या उलट दिशेने जात. हे वेढे उजव्या हाताचे होते.

त्याने कौशल्याबाईंपुढे हात जोडले. "माफ करा, बाई. टेप माझ्या नावाची आहे."

मशीन तिथंच सोडून त्या पायऱ्या उतरून गेल्या. मग लहानूने वायर कवडूपुढे धरली. "हे वेढे कोणत्या हाताचे?"

"मले काय मालूम?"

"सत्तावीस वर्षं मले डावऱ्या म्हणून चिडवून राहिला तू. अन् हेच भुलला?"

कवडूने वायर न्याहाळली. क्षणभर त्याचा चेहरा उतरला, पण लगेच तो खेकसला. "लावली असन दोन-चार वस्तूंले! तू नसला की गिऱ्हाईक वापस जाते. टेपच तर आहे. तुझी काय सही आहे का ते?"

लहानूला आजवर ती सहीच वाटत आली होती.

"कोणाकोणाच्या वस्तूंले लावली?"

"आता त्याची यादी ठेवली काय मी?"

दोन-चार घरं. कुठली, कोणत्या देशात, कळायला मार्ग नाही. तिकडे कोणीतरी त्याचं नाव घेऊन पिन खुपसत असेल. पण टेपपेक्षाही 'नजर चुकली असन' हे त्याला जास्त लागलं. ते वाक्य शोधायला कवडूला थांबावंही लागलं नव्हतं.

दुपारी लहानूने हातगाडी बोलावली आणि टेबल घरी नेलं.

आता तो स्वतःच्या ओसरीत बसतो. कोणी वस्तू आणली की ती उलटी करून त्यांच्याच हातात देतो आणि म्हणतो, "वाचा. मोठ्यानं." लोक कुरकुरतात. काहींना चष्मा आणायला घरी परत जावं लागतं. एकदा सायकलवरून दुकानासमोरून जाताना त्याला पिनच्या तुकड्यांची पाकिटं टांगलेली दिसली, प्रत्येकावर हिरव्या टेपची पट्टी. कवडूने आतून हाक दिली, "ये ना गा, चहा घेऊ. किती दिवस तोंड फुगवशीन?" लहानूने पायडल मारलं.

फेब्रुवारीत कौशल्याबाई नवीन मशीन घेऊन आल्या. पुन्हा टोरांटोला निघाल्या होत्या. लहानूने मशीन उलटं करून त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"इनपुट... शंभर ते दोनशे चाळीस," त्यांनी बोट ठेवत वाचलं.

"मग?"

"मग चालते." त्या हसल्या. आणि सवयीनं वायर त्याच्यापुढे धरली. "टेप?"

"ते दुकानात भेटते, बाई," लहानू म्हणाला. "कोणालेही भेटते."