आक्कांनी लावलेलं कुलूप

आई गेल्यावर आक्कांनी सायकलवरून थेट समुद्रापर्यंत जायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे काय, एका पहाटे निघाल्याच. याआधी त्यांनी घरात विचारून पाहिलं होतं. धाकट्या भावानं मुक्कामांची चौकशी केली, भावजयीनं गुडघ्यांची आठवण करून दिली, आणि बेत तिथेच बारगळला. या खेपेला त्यांनी फक्त देवाला सांगितलं. तो फाटे फोडत नाही. पिशवीत दोन कपडे टाकले, हवेचा पंप घेतला, झालं.

उन्हं वर आली तेव्हा गाव खूप मागे पडलं होतं. वाटेतल्या एका टपरीवर त्या चहाला थांबल्या.

"मावशी, कुठवर?" टपरीवाल्यानं विचारलं.

"समुद्रापर्यंत."

"बाप रे. पोचणार कधी?"

"रस्ता संपेल तेव्हा."

तो हसला. आक्काही हसल्या. तेवढ्यात भावाचा फोन आला.

"आक्का, बाहेरून कुलूप घालून गेलीस? आम्ही आत कोंडलोय."

त्यांनी कंबरेची पिशवी चाचपली. किल्ली होती. भ्रमिष्ट आई रस्त्यावर भटकायची, म्हणून बाहेर पडताना कुलूप घालायचं, हे इतकी वर्षं चाललेलं. आई गेली तरी हाताची खोड गेली नव्हती.

"तोडून टाक रे."

"आतून कसं तोडू? तू ये बघू. समुद्र काय पळून जातोय? उद्या जा."

आक्का वळल्या. वारा समोरून होता. चढावर उतरून सायकल ढकलावी लागली, देवाचं नाव घ्यायलाही दम उरला नाही.

संध्याकाळी पोचल्या तर दार सताड उघडं. वरच्या शेजाऱ्यानं कुलूप केव्हाच कापून काढलं होतं. भाऊ टीव्हीसमोर बसला होता.

"एक फोन तरी करायचास."

"राहूनच गेलं बघ. कामावर जायची घाई होती ना."

आक्का उंबऱ्यातच टेकल्या. पायांत गोळे आले होते.

भावजय आतून म्हणाली, "आक्का, उद्या परत निघणार असाल तर आत्ताच सांगा. म्हणजे सकाळचे तांदूळ तेवढे कमी निवडते."

आक्कांना नुसतं हो म्हणायचं होतं.

"जाईल की," भाऊ म्हणाला. "पण या वेळी नीट आखून जाऊ दे. मी बघतो सगळं."

आक्का भिंतीला धरून उठल्या, आत भावजयीपाशी गेल्या. "सरक, मी निवडते," म्हणत त्यांनी डबा पुढे ओढला, आणि स्वतःसकट सगळ्यांचे तांदूळ काढले.