कागदाला भोकं पाडायला आवडतात म्हणून

माझ्या स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या चोराला मी ‘सॉरी’ म्हटलं, ही गोष्ट मी बरेच दिवस कुणाला सांगितली नव्हती. पोलिसांनाही नाही. आता मात्र ती मी स्वतःहून, चहाबरोबर, तिखटमीठ लावून सांगते.

न्यूझीलंडमध्ये, वेलिंग्टनजवळच्या अप्पर हटमधलं हे घर मीच पसंत केलेलं. नवरा सकाळच्या ट्रेनने वेलिंग्टनला ऑफिसला जायचा, लेक शाळेत, आणि मी वरच्या खोलीत हेडफोन लावून घरूनच काम करायची. एका मंगळवारी मीटिंग आटोपून चहा टाकायला खाली आले, तर ओट्यापाशी एक माणूस उभा. विशीतला असेल. अंगात हुडी, खांद्याला नवऱ्याची कॅमेऱ्याची बॅग. मागचं सरकतं दार सताड उघडं. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि माझ्या तोंडून निघालं, “सॉरी.” जशी काही मीच न सांगता त्याच्या घरात शिरले होते. तो म्हणाला, “ऑल गुड,” आणि मागच्या दाराने बॅग घेऊन निघून गेला. जाताना दार लावून घ्यायला विसरला नाही.

भीती नंतर आली, पण आली ती मुक्कामालाच. फ्रीजची मोटर सुरू झाली तरी मी दचकायची. कुरियरवाल्याने दार वाजवलं की मी जिन्यावरच बसून राहायची. शेवटी मी लॅपटॉप उचलून रोज नवऱ्याबरोबर ट्रेनने वेलिंग्टनला जायला लागले. दिवसभर तिथल्या लायब्ररीत बसायचं आणि संध्याकाळी त्याच्याबरोबर परतायचं. स्वतःच्या घरात मी एकटी पाऊलही टाकत नव्हते. त्याबरोबर एवढा राग यायचा की विचारू नका. चोराचा नाही, त्या ‘सॉरी’चा.

काही महिने गेल्यावर नवऱ्याने फार मऊ आवाजात विषय काढला. “हे घर विकून टाकू. वेलिंग्टनला अपार्टमेंट बघू, वरच्या मजल्यावरचं. तुला बरं वाटेल.” त्याने इस्टेट एजंटचं कार्डही आणलं होतं. ते त्याने फ्रीजवर लावलं.

मला ओरडावंसं वाटलं. मागच्या अंगणातलं लिंबाचं झाड मी लावलेलं होतं, आणि खिडकीतला कढीपत्ता दर थंडीत तळहातावरच्या फोडासारखा जपलेला होता. “मला दोन उन्हाळे दे,” मी म्हटलं.

“आणि मग?”

“मागचं दार उघडं ठेवून, वरच्या खोलीत, मी एकटी दिवसभर काम करेन. नाही जमलं तर घर विक.”

तो कबूल झाला. आता उपाय काय करायचा, हे माझ्या डोक्यात आधीच पक्कं होतं. मला पिस्तूल घ्यायचं होतं.

याचं मूळ माहेरी. बाबांचा नगरला पेट्रोल पंप होता आणि त्यांच्याकडे लायसन्सचं रिव्हॉल्व्हर होतं. ते लोखंडी कपाटात मलमलच्या फडक्यात असायचं. खंडेनवमीला बाहेर निघायचं, हळदकुंकू लावून घ्यायचं आणि परत आत जायचं. निवडणूक आली की पोलीस स्टेशनात जमा व्हायचं. त्यातून एकही गोळी सुटलेली मी ऐकली नाही, पण त्या कपाटाच्या खोलीत मला लहानपणी कधी भीती वाटली नाही. मी बाबांना फोन केला तर त्यांना स्फुरण चढलं.

“अर्जात पहिलं कारण लिही, जीविताला धोका,” ते म्हणाले. “पोलिसांच्या तक्रारीची नक्कल जोड. फोटो जोड. शेजाऱ्यांचं पत्र असेल तर उत्तम. फाइल जाड दिसली पाहिजे बघ.”

मी फाइल जाड केली. तुटलेल्या कडीचे फोटो, नकाशा, शेजारणीचं पत्र, सगळं. आणि एका शनिवारी नवऱ्याला गाडीत बसवून डोंगराच्या कुशीतल्या पिस्तूल क्लबवर गेले.

तिथे नव्या लोकांना शिकवायला एक बाई होत्या. सत्तरीच्या, बुटक्या, पायात गमबूट, शाळेतून निवृत्त झालेल्या. “किया ओरा,” असं माओरीत स्वागत करून त्यांनी आम्हाला कॉफी दिली आणि मी त्यांच्यापुढे फाइल ठेवली. त्यांनी पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, मग फाइल मिटून माझ्याकडे सरकवली.

“हे घरी ने,” त्या म्हणाल्या. “स्वसंरक्षण हे कारण या देशात चालत नाही. पिस्तुलासाठी तर मुळीच नाही. तू जितके पुरावे जोडशील तितका तुझा नकार पक्का.”

मला वाटलं ही थट्टा आहे. “मग बाकीचे लोक काय कारण सांगतात?”

“आम्हाला कागदाला भोकं पाडायला आवडतात.”

नवरा हसला. मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने कॉफीत तोंड घातलं.

“खोटं सांगायला मी शिकवणार नाही,” बाई पुढे म्हणाल्या. “क्लबच्या पिस्तुलांवर माझ्या नजरेखाली शिक. सहा-आठ महिने जातील. तेवढ्या काळात तुझ्या कागदावरून तो चोर गेला नाही, तर मीच तुला घरी पाठवीन. गेला, तर तुझ्या अर्जावर मी सही करीन.”

त्या दिवशी मी तणतणत घरी आले. गाडीत सगळ्या देशाचा उद्धार करून झाला. पुढच्या शनिवारी हजर झाले ती निव्वळ हट्टाने.

पिस्तूल निवडतानाही माझी हौस मोठी. टेबलावर रिकामी पिस्तुलं मांडलेली होती आणि मी त्यातलं सगळ्यात थोराड, काळंकभिन्न उचललं. बाईंनी माझा हात हातात घेऊन बघितला. मूठ पुरती आवळली की बोटाचं पेर चापापर्यंत सहज पोचतं का, एवढंच त्या बघत होत्या. त्या थोराड पिस्तुलाच्या चापावर माझं बोट कसंबसं टेकत होतं. त्यांनी ते ठेवून माझ्या हातात एक सडपातळ, बारीक गोळीचं पॉइंट टू-टू दिलं. मी नाक मुरडलं.

“चोर याला घाबरेल का?” मी विचारलं.

“कोण चोर?” बाई म्हणाल्या.

पहिले काही शनिवार माझ्या गोळ्या कागदाच्या आसपासही फिरकल्या नाहीत. नेम धरला की समोरच्या काळ्या गोलात हुडीतला चेहरा यायचा आणि मी घाईने चाप ओढायची. त्यावर बाईंनी एक युक्ती केली. माझं मॅगझिन त्या स्वतः भरायच्या आणि खऱ्या काडतुसांमध्ये एखाददुसरं नकली घालायच्या. कधी कुठलं येणार, ते मला कळायचं नाही. मी चाप ओढला, नुसतं ‘टक्’ झालं. आवाज नाही, धक्का नाही, तरी माझ्या हातातली नळी चांगली वीतभर खाली बुडाली होती आणि डोळे गच्च मिटले होते.

“बघितलंस?” बाई म्हणाल्या. “धडाका झालाच नाही. तू त्याच्या आधीच दचकलीस.”

मी पिस्तूल बाकावर ठेवलं आणि उभी राहिले. फ्रीजची मोटर, कुरियरवाला, जिन्यावरची मी, सगळं त्या एका ‘टक्’मध्ये दिसलं. गेले कित्येक महिने मी हेच करत होते. मला रडू आलं आणि मी ते तिथेच, कानांवर आवाज रोखणारे मफ लावून, रडून घेतलं. बाईंनी मॅगझिन भरून पुढे केलं.

दुसरी अडचण माझ्या गळ्याची होती. रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, नियम असा की कुणालाही धोका दिसला तर त्याने ‘स्टॉप’ म्हणून ओरडायचं, मग तो काल आलेला असो. ऐकलं की सगळ्यांनी आहे तिथे थांबायचं. नव्या माणसाकडून हे ओरडणं घोकून घेतात. मी ओरडले तेव्हा बाई म्हणाल्या, “तू कुणाला बिस्किट हवं का विचारते आहेस?” घरी मागच्या अंगणात सराव केला तर लेक धावत बाहेर आली. “आई, प्लीज! द नेबर्स!”

“तू आत जा. मी शिकतेय.”

“शिकतेय व्हॉट? यू साउंड लाइक अ गोट.”

शिकता शिकता आवाज पोटातून यायला लागला. आणि हिवाळ्यातल्या एका शनिवारी त्याची गरज पडली. माझ्या शेजारी क्लबमधले एक जुने, सगळ्यांना शिकवत फिरणारे गृहस्थ उभे होते. त्यांच्या पिस्तुलात काडतूस अडकलं, ते सोडवता सोडवता ते कुणाला तरी हाक मारायला वळले आणि हातातली नळीही त्यांच्याबरोबर आमच्या रांगेकडे वळू लागली.

“स्टॉप!”

तो माझा आवाज होता हे मला इतरांच्या नंतर कळलं. सगळी रेंज जागच्या जागी थांबली. गृहस्थांनी आपल्या हाताकडे बघितलं, नळी समोर केली, पिस्तूल खाली ठेवलं. चेहरा पांढराफटक. नंतर त्यांनी येऊन माझा हात हातात घेतला. “गुड ऑन यू,” ते म्हणाले, आणि चहाच्या वेळी आपल्या डब्यातला केकचा मोठा तुकडा माझ्यापुढे ठेवला. मी तो दिमाखात खाल्ला. इतका चांगला केक मी न्यूझीलंडमध्ये परत खाल्लेला नाही.

त्यानंतर नेम बसायला लागला. आता मला काडतुसांचाही नाद लागला. एकच पिस्तूल, पण प्रत्येक काडतूस त्याला मानवत नाही. एकाने भोकं कागदभर विखुरतात, दुसऱ्याने एका ठिकाणी गोळा होतात. मी वेगवेगळ्या डब्या आणून, टेकूवर हात ठेवून, पुन्हा पुन्हा मारून बघितलं. सगळ्यात जोरदार म्हणून मिरवणारं काडतूस मला मुळीच लाभलं नाही. साधं, धिम्या वेगाचं निघालं तेच शहाणं. कागद दिव्यावर धरून मी भोकं न्याहाळत बसले की नवरा म्हणायचा, “पुरे झालं गं, तांदूळ निवडतेस का?”

आणि एका शनिवारी घरी येताना गाडीत माझ्या लक्षात आलं की समोर आता चेहरा नव्हता, नुसता काळा गोल होता. कधीपासून, ते सांगता येणार नाही.

बाईंनी सही केली. मग पोलिसांकडून एक माणूस चौकशीला घरी आला. त्याने मला विचारलं, पिस्तूल कशाला हवं. मी छाती काढून म्हटलं, “कागदाला भोकं पाडायला आवडतात म्हणून.” ते आता शंभर टक्के खरं होतं. मग त्याने नवऱ्याला बाजूच्या खोलीत नेऊन विचारलं, बायको रागीट आहे का. इथल्या भिंती पातळ असतात. नवऱ्याने इतक्या वेळा घसा खाकरला की मी उठायच्या बेतात होते. “फक्त गाडी चालवताना,” तो शेवटी म्हणाला.

क्लबच्या वर्षअखेरच्या स्पर्धेत नवशिक्यांमध्ये मी पहिली आले. बशीएवढी ढाल मिळाली, ती मी एजंटच्या कार्डाशेजारी फ्रीजवर टेकवली. कार्ड अजून तिथेच होतं. आठवड्यातले काही दिवस मी घरून काम करायला लागले होते, कुरियरवाल्याशी गप्पाही मारायची, पण मागच्या दाराची कडी काढायला हात धजत नव्हता. माझं पिस्तूल तोवर घरी आलं होतं. जमिनीला बोल्टने जखडलेल्या तिजोरीत पिस्तूल, काडतुसं वेगळ्या कुलपात. बाबांनी फोनवर विचारलं, अडीअडचणीला हाताशी आहे ना? मी म्हटलं, बाबा, ते बाहेर निघेपर्यंत चोर चहा पिऊन कपबशी विसळून जाईल.

इथला उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी, आणि दुसरा उन्हाळा सरत आला होता. फेब्रुवारीत अशी काही तलखी झाली की वरची खोली तापली. मी खाली गेले, कडी काढली, मागचं दार पुरतं सरकवलं आणि परत वर येऊन कामाला बसले. वाऱ्याने खालचे पडदे हलत होते. मी मीटिंग केली, जेवले, परत वर गेले. दुपारी चहा टाकायला जिना उतरले, तर दारात एक माणूस. तोच नाही, दुसरा. एक पाय घरात, हात दाराच्या चौकटीवर, नजर टेबलावरच्या माझ्या पर्सवर.

“स्टॉप!”

भांड्यांच्या मांडणीतला चमचा वाजला. माणसाने दोन्ही हात वर केले, कुणी सांगितलं नसताना. माझे हात अंगालगत होते आणि जराही हलत नव्हते. दोन्ही बाजूंच्या घरांच्या खिडक्या सरकल्या.

“सॉरी,” तो म्हणाला. “सॉरी. चुकीचं घर.”

मी ‘ऑल गुड’ म्हटलं नाही. नुसती त्याच्याकडे बघत राहिले. तो उलट्या पावली मागे सरकला, वळला आणि लिंबाच्या झाडाखालून कुंपणावर चढून पसार झाला. उंबऱ्याशी त्याचं एक जँडल, म्हणजे रबरी चप्पल, राहिलं. मी पोलिसांना फोन केला, सगळं सांगितलं, या वेळी काही गाळलं नाही. मग चहा टाकला. दार उघडंच ठेवलं.

संध्याकाळी नवरा आला तेव्हा शेजारीण त्याला फाटकापाशीच गाठून सांगत होती, तुझ्या बायकोच्या आवाजाने आमचा कुत्रा पलंगाखाली गेला तो अजून तिथेच आहे. तो आत आला. उघडं दार बघितलं, मला बघितलं. फ्रीजपाशी गेला, एजंटचं कार्ड काढलं आणि फाडून कचऱ्यात टाकलं. मला इतका आनंद झाला की मी त्याला घट्ट मिठी मारली.

मग त्याला एकदम आठवलं.

“अगं, आणि पिस्तूल?”

मलाही तेव्हाच आठवलं. दिवसभरात ते एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं.

“त्याचं काय?” मी म्हटलं. “ते कागदाला भोकं पाडायला आहे.”