धीरकाकांची थोरली बहीण

आमच्या रुग्णालयाच्या कागदांवर त्यांचं पद ‘धर्मसेवक’ असं होतं, पण अख्खा वॉर्ड त्यांना धीरकाका म्हणायचा. ज्यांच्यावरचे उपाय संपलेत अशा माणसांपाशी बसणं, हे त्यांचं काम. कुणी प्रार्थना मागितली तर प्रार्थना, कुणी देवाला शिव्या घातल्या तर त्याही मान डोलावत ऐकायच्या. मी तिथली जुनी नर्स, तोंडाने फटकळ. सुरुवातीला मला हे रिकामपणचे उद्योग वाटायचे. पण पाच वर्षं कुणाशी न बोललेला एक सुतार त्यांच्यापाशी ढसाढसा रडला, तेव्हा मी गप्प बसले.

त्यांची एक पद्धत ठरलेली होती. आधी दारावर टकटक करून आत येऊ का विचारायचं, मग उशाशी बसून आपला हात उताणा चादरीच्या कडेवर ठेवायचा. वाटलं तर रोग्याने धरावा, नाही तर राहू द्यावा. आवाज इतका मऊ, की कधी कधी माझ्याच डोळ्यांवर झापड यायची. घरी मात्र कुणी नव्हतं. लग्न केलं नाही, आईवडील केव्हाच गेलेले. होती ती एक थोरली बहीण, दुसऱ्या गावात शिकवून निवृत्त झालेली.

तीच बहीण आमच्या वॉर्डाच्या टोकाच्या खोलीत आली. फार तर आठवडा, असं डॉक्टर म्हणाले. काका रोज दुपारी यायचे, दारावर टकटक करायचे, हात चादरीवर ठेवायचे आणि तिला विचारायचे, आज मनात काय आहे. ती हवापाण्याचं काहीबाही बोलायची आणि भिंतीकडे तोंड करायची. त्या हाताला तिने एकदाही हात लावला नाही. बाहेर येऊन काका मला सांगायचे, ती अजून तयार नाही, वेळ द्यायला हवा. जिथे वेळच उरला नव्हता तिथे हे ऐकून माझं डोकं फिरायचं. आपल्या माणसाजवळ जाताना हा गृहस्थ कामावरचा अंगरखा उतरवत नाही, एवढं मला दिसत होतं, पण सांगायचं कोणी?

पाचव्या दिवशी मी तिची कूस बदलत होते. काकांनी त्याच मऊ आवाजात विचारलं, भीती वाटते का.

“हा आवाज तुझ्या लोकांसाठी ठेव, बाब्या,” ती म्हणाली. “तुला वाटते का ते सांग.”

काकांनी चादरीवरचा हात उचलून मांडीवर घेतला. दुसऱ्यांची दुःखं ऐकण्यात हयात गेली, स्वतःचं बोलायची सवयच राहिली नव्हती. मी निघायला हवं होतं, पण तिचा खांदा माझ्या हातात होता.

“वाटते,” ते शेवटी म्हणाले. आवाज घोगरा, बेसूर. “ताई, तू गेलीस की मला बाब्या म्हणणारं कोणी उरत नाही गं.”

“मग हे आधी बोलायचंस ना, शहाण्या. पाच दिवस मी एका परक्या गृहस्थाशी बोलतेय.”

तिने त्यांचा कान धरून त्यांना जवळ ओढलं. मी खांद्याखाली उशी सरकवली आणि बाहेर पडले. दार लावता लावता मला त्यांचं भांडण ऐकू आलं. लहानपणी कुणाचं तरी पुस्तक कुणी तरी फाडलं होतं, आणि दोघंही कबूल करायला तयार नव्हती.

दोन दिवसांनी सकाळी ती गेली. काका हजर होते. सगळं आवरल्यावर ते बाहेरच्या बाकावर येऊन बसले. डॉक्टर, आया, सफाईवाले, जो तो अदबीने हात जोडून पुढे जात होता. मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांना त्या नावाने एकदा हाक मारावी असं फार वाटलं, अगदी ओठांपर्यंत आलं, पण जीभ रेटली नाही.

“काका, चहा घेता का?” एवढंच म्हणाले.