लाल ठिपक्यांचं फुलपाखरू

काल चँडलर शहरातल्या आमच्या घरी मुलीला सनस्क्रीन लावत होतो. त्या वासानं कोलोरॅडोतली बारा वर्षांपूर्वीची एक दुपार आठवली आणि मान खाली गेली.

तेव्हा बाबा नागपूरहून पहिल्यांदाच आले होते. त्यांनी आयुष्यभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं होतं. माझा मॅनेजर आम्हा दोघांना सनस्क्रीन लावायला देऊन डोंगरावर घेऊन गेला. झाडं संपून नुसते खडक आणि बर्फाचे तुकडे उरले, तिथे बाबा एकदम ओणवे झाले आणि कोपरांवर सरपटत पुढे गेले. एका दगडावर पांढरं फुलपाखरू पंख पसरून ऊन खात होतं. पंखांवर लाल ठिपके, अंगावर दाट लव.

"इकडे ये," ते हळूच म्हणाले. "या थंडीत जगायला कसा कोट घातलाय बघ त्यानं."

येणारे-जाणारे थांबून बघू लागले. मॅनेजरनं काळजीनं विचारलं, "तुझे वडील ठीक आहेत ना?"

मला बाबांच्या कानटोपीची, मळलेल्या पँटची लाज वाटली. मी इंग्रजीत म्हणालो, "वय झालंय. कधी कधी त्यांना भान राहत नाही."

बाबांना इंग्रजी उत्तम येत होतं. ते उठले, त्यांनी गुडघे झटकले. फुलपाखरू अजून तिथेच होतं, पण त्यांनी पुन्हा तिकडे पाहिलं नाही.

गाडीपाशी आल्यावर ते मला म्हणाले, "तुझ्या साहेबांना सांग, आता मला बरं वाटतंय. उगाच काळजी करतील."

आणि मी ते सांगितलंही.