प्याल्याची कड

आज चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या, सगळ्यांसाठी एकच असलेल्या प्याल्यातून मी घोट घेतला आणि चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचसाहेबांनी त्याची कड रुमालाने दोनदा पुसली, जोर लावून. पुढच्या बाकांवरच्या माणसांनंतर ते एकदाच पुसत होते.

आम्ही झाडूवाल्या बाया शेवटच्या बाकावर बसतो. जुने पाळकसाहेब होते तेव्हा प्याला आमच्यापासून निघायचा. पुढचे लोक म्हणायचे, "साहेब, रीत मोडताय." साहेब हसून म्हणायचे, "मोडायलाच आलोय." सगळ्यांचं झालं की उरलेला घोट ते स्वतः घ्यायचे, कड न पुसता. हातमोज्यांसाठी आम्ही नगरपालिकेच्या दारात धरणं धरून बसलो तेव्हाही ते आमच्यात मांडी घालून बसले होते. मी चिडून दगड उचलला, तर म्हणाले, "ठेव तो खाली, बाई. तोंड आहे ना तुला?"

तोंड होतं, पण चारचौघांत उघडत नव्हतं.

गेल्या वर्षी साहेब वारले आणि प्याला पुन्हा पुढून निघायला लागला. माणसाला पुरलं की त्याने घालून दिलेली रीतही पुरायची असते का?

बाहेर आल्यावर मी पंचसाहेबांना गाठलं.

"पुढच्या वेळी माझ्यापासून सुरू करा."

"बाई, एवढं मनावर घेऊ नका."

"घेतलंय," मी म्हटलं. "प्याला घेऊन तुम्ही आधी मागे नाही आलात तर मीच उठून सगळ्यांच्या आधी पुढे येईन. रुमाल आणा हवा तर. पण माझ्यानंतर तुम्हालाही त्याच प्याल्यातून प्यायचंय."