तुम्ही आमच्यातल्याच

टोकियोच्या कोतो भागात आमच्या घराजवळ, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर लोकगीतांचा क्लब आहे. रविवारी दुपारी तिथे शामिसेन हे तीन तारांचं वाद्य वाजतं, कोळ्यांची, भातलावणीची गाणी होतात. सहा वर्षं मी तिथे जात होते. श्रोते बहुतेक सत्तरीपुढचे, सगळे जपानी. परकी मी एकटीच. गाण्यात साद द्यायची वेळ आली की मीही त्यांच्याबरोबर ओरडायचे. क्लब चालवणारे आजोबा कौतुकाने म्हणायचे, "तुम्ही आमच्यातल्याच." घरी येऊन हे मी नवऱ्याला दोनदोनदा सांगायचे. आता आठवलं की स्वतःचीच चीड येते.

गेल्या वर्षी ऑफिसातली माझी घानाची मैत्रीण म्हणाली, "मलाही ने." तिचं जपानी माझ्याहून चांगलं. आम्ही गेलो. दारात बूट काढता काढता मी आजोबांना विचारलं, "मैत्रिणीला आणलंय, चालेल ना?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि मला बाजूला घेतलं. "आज जागा नाही."

आत नऊ आसनं रिकामी होती. मी तिकडे बोट दाखवलं.

"तसं नाही हो," ते हळूच म्हणाले. "तुमची गोष्ट वेगळी. पण नेहमीची मंडळी बिचकतील."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दारातूनच मी मोठ्यांदा विचारलं, "हिला बघून कोण कोण बिचकणार आहे? हात वर करा!"

एकही हात वर झाला नाही. पण 'या, बसा' असंही कोणी म्हटलं नाही. मला दर हिवाळ्यात घरचं लोणचं देणाऱ्या बाई शामिसेनच्या खुंट्या पिळत खाली बघत राहिल्या.

मैत्रीण तोवर जिना उतरलीसुद्धा होती. मी तिला रस्त्यावर गाठलं आणि आजोबांच्या नावाने शिव्या घालायला लागले.

ती थांबली. "त्यांचं सोड. असे लोक मला रोज भेटतात. तू परवानगी का मागितलीस?"

"अगं, सहजच..."

"नवऱ्याला पहिल्यांदा घेऊन गेलीस, तेव्हा मागितली होतीस?"

नव्हती मागितली. तो जपानी.

ती स्टेशनकडे निघून गेली. ऑफिसात आता बोलते, पण कामापुरतंच.

महिन्याभराने आजोबांचा फोन आला. "त्या दिवशी गैरसमज झाला. या ना, सगळे वाट बघतात."

"दोघी येऊ?"

"बघू हं," ते गोड आवाजात म्हणाले. इथे 'बघू' म्हणजे 'नाही', हे कळण्याइतकी वर्षं मी या देशात काढली आहेत. मी फोन कापला आणि क्लबचा नंबरच पुसून टाकला.