आलुबुखारच्या खड्ड्यातलं मीठ

आमच्या मुलुंडच्या घरी आलुबुखारचं झाड होतं असं सांगितलं, की लोक मला वेड्यात काढतात. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. मामा लष्करात होता. कुठल्याशा थंड हवेच्या डोंगरातल्या छावणीतून त्याने ते कुंडीतून आणलं आणि आईला बजावलं, की थंडीत पानं गळतील, घाबरू नकोस. जमिनीत लावायचं तर तेव्हाच लाव.

त्याच वर्षी आजोबा, म्हणजे वडिलांचे वडील, मालवण सोडून आमच्याकडे आले. तिथे त्यांनी जन्मभर माड लावले होते. इथे ओट्यावर बसून ते आम्हा सगळ्यांना विचारत, "काय काम असला तर सांगा." काम नसायचंच. आपण कुणाच्या उपयोगाचे उरलो नाही, हे त्यांच्या मनाने घेतलं होतं आणि आईला ते बघवत नव्हतं. म्हणून झाड उघडंबोडकं झाल्यावर ती मुद्दाम म्हणाली, "मामंजी, हे तुम्हीच लावा. मला धीर होत नाही."

आजोबांना हुरूप आला. त्यांनी खड्डा खणला आणि कोयत्याच्या पाठीने कुंडी फोडली तेव्हा मी दचकून मागे सरले. आत मुळांचा नुसता गुंता होता. तो त्यांनी इतक्या अलगद सोडवला, की मी निर्धास्त होऊन शाळेत गेले.

परतले तर आई रिकामी बरणी घेऊन अंगणात उभी होती.

"मामंजी, खडेमीठ कुठे गेलं?"

"खड्ड्यात घातलंय," आजोबा खुशीत म्हणाले. "मीठ नाय घातला तर माड धरतलो कसो?"

"अहो, हा माड नाही! मारलंत तुम्ही झाड!"

आमच्या घरात सासऱ्यांसमोर सून मोठ्याने बोललेली मी कधी ऐकली नव्हती. बोलून गेल्यावर आईच जास्त हादरली. मग पदर खोचून ती खाली बसली आणि दोघांनी मिळून झाड उपसलं. विहिरीचं पाणी ओतून ओतून मुळं धुतली, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नवा खड्डा खणला. त्यात झाड पुन्हा लावलं.

पुढे कित्येक दिवस ती नुसती काठीच होती. आजोबा रोज सकाळी नखाने जराशी साल खरवडून बघत. आत हिरवं दिसलं तरी त्यांना खरं वाटत नसे. शेवटी कोंब फुटले. पुढच्या थंडीत पानं गळाली आणि एका सकाळी बोडक्या फांदीवर चार-दोन पांढरी फुलं! मुंबईच्या हवेत! आम्ही सगळे आ वासून बघत राहिलो. आई तर लहान मुलीसारखी ओरडत आजोबांना हात धरून घेऊन आली.

"बघा मामंजी, तुमच्या हातचं झाड!"

आजोबा हसले. खूप वेळ बघत राहिले. त्याच आनंदात आईने शेजारून आणलेलं कढीपत्त्याचं रोप त्यांच्यापुढे धरलं. "हेही तुम्हीच लावा."

आजोबांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"नको गो बाय, तूच लाव," ते म्हणाले. "माका झाडातला काय कळता?"